दोन वेळची धार

कोल्हापुरात राहणाऱ्या माणसाने फोनवर "धारेला बसलोय" असं कधी म्हणू नये. मी म्हटलं.

सकाळचे सात वाजले होते. समोर मशीन घरघरत होतं, हातात आजोबांची पाऊण इंची पटाशी होती आणि गावाकडून आबाचा, म्हणजे माझ्या मावसभावाचा, फोन आला. "काय करालायस?" असं त्यानं विचारलं आणि मी खरं ते सांगितलं. पलीकडे क्षणभर काहीच आवाज नाही. मग आला तो आदर मिसळूनच.

"कधी आणलीस?"

"झालं की दोन म्हैनं."

"आणि बोलला न्हाईस! मुऱ्हा का पंढरपुरी?"

"इंग्लंडची हाय."

"जर्सी म्हण की मग." आदर निम्म्यावर आला. आबाच्या गोठ्यात चार म्हशी आहेत आणि गाईच्या दुधाला तो दूध म्हणत नाही, औषध म्हणतो. "किती देती?"

घोटाळा तेव्हा माझ्या लक्षात आला. ज्या शहरात रात्रीची जेवणं झाल्यावर लोक गंगावेशीत जातात, समोर उभ्या असलेल्या म्हशीची धार पेल्यात काढून घेतात आणि मिशीला फेस लावून घरी येतात, तिथं धार या शब्दाला दुसराही एक अर्थ आहे याची आठवण करून द्यावी लागते. मी खुलासा केला. म्हैस नाही, मशीन आहे. पटाशी, रंध्याचं पातं असल्या सुतारकामाच्या हत्यारांना धार लावायचं जुनं इंग्रजी मशीन. एका अंगाला पाण्यात फिरणारा दगड, दुसऱ्या अंगाला चामडं चढवलेलं चाक.

"बरं. मग ते काय देतंय?"

"धार."

"तेच इचारतोय. किती?"

रेंज गेली असं सांगून मी फोन ठेवला. पण प्रश्न काही जाईना. 32 वर्षं मी जिल्ह्यातल्या सहकारी संस्थांची दप्तरं तपासली. "खर्च दिसतोय, उत्पन्न कुठं आहे?" हे वाक्य मी इतक्या चेअरमन मंडळींना ऐकवलं की काही जण मला बघितल्यावर आपणहूनच ते म्हणायचे. आता तेच वाक्य चार म्हशींचा मालक मला ऐकवत होता, आणि चेअरमन लोक निदान खोटं तरी उत्तर द्यायचे, माझ्याकडे तेही नव्हतं.

तर खर्चाची बाजू आधी मांडतो.

आईच्या वडिलांचं गावात सुतारमेट होतं. पाळण्यापासून बैलगाडीपर्यंत गावाला लागेल ते सगळं लाकडाचं तिथं व्हायचं. पुढं मामा गेले, घर विकलं, आणि वाटणीत ज्या वस्तूंवर कुणीच हक्क सांगितला नाही त्यांत आजोबांची हत्यारांची पेटी होती. ती माझ्याकडे आली. आत एक वाकस, तीन रंधे, सामता, दोन गिरमिटं आणि गोणपाटात गुंडाळलेल्या अकरा पटाश्या. त्यातल्या एकीच्या मानेवर शेफील्ड आणि त्याखाली 'कास्ट स्टील' असा ठसा. हे कास्ट स्टील म्हणजे बेंजामिन हंट्समन नावाच्या इंग्रज घड्याळजीची करणी. घड्याळाला मनासारखी स्प्रिंग मिळेना म्हणून 1740 च्या दशकात त्यानं मुशीत पोलाद वितळवायची युक्ती बसवली, आणि त्या पोलादाच्या जोरावर शेफील्डची हत्यारं जगभर गेली. म्हणजे घड्याळ वेळेवर चालावं म्हणून केलेल्या खटाटोपाचं फळ शेवटी सुतारांच्या हाती पडलं. नियतीला विनोदबुद्धी आहे हे ज्यांना पटत नाही त्यांनी एकदा घरात फर्निचरचं काम काढून सुताराची वाट बघावी.

पटाशी बोथट होती. निवृत्त माणसाला बोथट वस्तू बघवत नाही, त्याला ती टोमण्यासारखी लागते. मी बाजारातून मिनिटाला 2,900 फेरे घेणारा साधा ग्राइंडर आणला आणि पटाशी त्याला भिडवली. ठिणग्यांचा भुईनळा उडाला. फार बरं वाटलं. मग पटाशीच्या टोकावर रंग चढायला लागले. आधी वाळल्या गवताचा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, आणि मग मोराच्या मानेसारखा देखणा निळा. मी हिला हाक मारून तो निळा दाखवला. ही सहसा माझ्या उद्योगांचं कौतुक करत नाही, पण तिलाही आवडला. असल्या रंगाची साडी कुठं मिळेल असंही ती म्हणाली.

पुढं कळलं ते असं की तो निळा म्हणजे पोलाद साधारण 300 अंशांपर्यंत तापल्याची खूण आहे. तेवढं तापलं की हत्याराला लोहारानं दिलेलं पाणी उतरतं. आपण माणसाचं पाणी उतरलं म्हणतो, तसंच. त्या पटाशीला नंतर कितीही धार लावली तरी दोन ठोक्यांत ती वाकायची. आजोबांनी आयुष्यभर जपलेली अब्रू मी चाळीस सेकंदांत घालवली होती, आणि वर ती बायकोला दाखवली होती.

तेव्हापासून मी पाण्यातल्या दगडाच्या शोधात होतो. दगड सावकाश फिरला, मिनिटाला नव्वदेक फेरे, आणि खाली पाण्याचं कुंड असलं की पोलाद तापत नाही. स्वीडनमध्ये 1973 पासून टॉरमेक नावाची अशी यंत्रं निघतात आणि ज्यांना परवडतात ते ती घेतात. मी मात्र ऑडिटर. मी वाट बघितली.

शहरातली एक तांत्रिक शाळा आपलं जुनं वर्कशॉप मोकळं करत होती. भंगारवाल्याच्या टेम्पोत लेथचे सांगाडे, मोडक्या शेगड्या आणि त्यांच्याखाली दबलेलं हे मशीन मला दिसलं. त्यावर सरकारी हिरव्या रंगाचे इतके थर होते की मूळ आकाराचा नुसता अंदाज करायचा. नेमप्लेटवर 'मेड इन इंग्ल' एवढंच वाचता येत होतं, पुढचा देश रंगाखाली गेला होता. अंगावर पांढऱ्या रंगात डेडस्टॉकचा नंबर. डेडस्टॉक रजिस्टर या शब्दानं माझ्यासारख्याच्या काळजात काय होतं हे इतरांना सांगून कळणार नाही. मी रजिस्टर मागून बघितलं. नोंद चोख होती. दर वर्षी 'सुस्थितीत' असा शेरा आणि सही. मुलांची बोटं कापतील या भीतीनं मशीन अनेक वर्षं कुलपात होतं, आणि कुलपात असलेली वस्तू सुस्थितीतच असते.

भंगारवाल्यानं ते किलोवर दिलं. वजनाआधी त्यानं दगड उतरवून बाजूला ठेवला.

"दगडाचं पैसं लावत न्हाई सायेब. दगूड फुकट."

एवढा प्रामाणिक व्यवहार मी 32 वर्षांत कुठल्या खातेवहीत बघितला नव्हता. दगड फुकट का होता ते चार दिवसांनी कळलं.

शिवाजी उद्यमनगर हा कोल्हापूरचा असा भाग आहे की तिथं कुठलीही मोडकी वस्तू नेली तरी मिस्त्री आधी खुर्ची देतो, मग चहा सांगतो आणि मग वस्तूकडे बघून "ह्ये काय न्हाई" म्हणतो. विमानाचं इंजिन नेलं तरी हेच म्हणेल, फक्त चहा दोनदा सांगेल. माझ्या मशीनची मोटर जळली होती, ती भरून घेतली. आतल्या गिअरचे दोन दात गेले होते, ते त्यानं कुठल्याशा पितळी तुकड्यातून तासून बसवले. हिरवा रंग खरवडला तेव्हा खाली राखाडी निघाला, त्याखाली आणखी एक हिरवा. मग मिस्त्रीनं दगड आसावर चढवला, बटण दाबलं, आणि मशीन टेबलावरून चालत दरवाजाकडे निघालं.

"दगूड पान्यात बसलाय," मिस्त्री म्हणाला.

तो नैसर्गिक वालुकाश्म होता. असला दगड काम झाल्यावर कुंडातल्या पाण्यात तसाच ठेवला, की बुडलेली बाजू पाणी पिऊन मऊ होते आणि जड होते. नंतर फिरवला की एका अंगाला हेलपाटतो आणि मऊ बाजू आधी झिजून वाटोळा दगड लंबोडका होतो. म्हशीला पाण्यात बसू दिलं नाही तर ती दूध देत नाही आणि दगडाला बसू दिलं तर तो धार देत नाही, हा दोघांतला मुख्य फरक मला उद्यमनगरात समजला. शाळेतल्या कुणीतरी फार वर्षांपूर्वी एका सुट्टीच्या आदल्या दिवशी पाणी काढायचं विसरून कुलूप लावलं असणार. रजिस्टरला त्याची नोंद नव्हती.

नवा दगड घ्यायला मिस्त्री स्वतः दुकानात आला. दुकानदारानं चाक पुढं केलं तसं मिस्त्रीनं ते भोकात बोट घालून अधांतरी धरलं आणि स्क्रू ड्रायव्हरच्या लाकडी मुठीनं त्याला हलकेच टिचकी मारली. टण्ण. दुसरी जागा, पुन्हा टण्ण. "वाजतोय," म्हणाला आणि पिशवीत टाकला. चिरलेला दगड बद्द वाजतो, आणि चिरलेला दगड फिरता फिरता फुटला तर तुकडे माणसाच्या अंगात घुसतात, म्हणून ही तपासणी जगभर करतात. इंग्रजीत तिच्यावर सुरक्षेचे नियम छापलेले असतात. माझी आई मडकं घेताना कुंभारापुढं हेच करायची आणि वर दोन रुपये कमी करून घ्यायची.

इथं जरा वाट वाकडी करतो, कारण या चाकात आपला एक शब्द अडकलाय. हत्यारांना धार लावायला लागणाऱ्या ज्या कठीण खनिजाला आपल्याकडे कुरुंद म्हणतात, त्याचं इंग्रजी नाव कोरंडम, आणि ते इंग्रजांनी आपल्याकडूनच उचललं. तमिळ कुरुंदम आणि संस्कृत कुरुविंद ही त्याची भावकी. पुढं 1891 मध्ये अमेरिकेत एडवर्ड ॲचेसन हा गृहस्थ भट्टीत कृत्रिम हिरे करायला बसला. हिरे झाले नाहीत, निळसर काळे चकचकीत खडे झाले. त्याला वाटलं हे कार्बन आणि कोरंडमचं कडबोळं असावं, म्हणून त्यानं नाव ठेवलं कार्बोरंडम. प्रत्यक्षात त्यात कोरंडमचा कणही नव्हता. म्हणजे हिरे करायला निघालेला माणूस, झालं भलतंच, त्याला नाव दिलं तिसऱ्याचंच, आणि धंदा मात्र जोरात चालला. सहकारात असले अहवाल मी पुष्कळ वाचलेत. आपल्याकडे धारेची चाकं करायचा पहिला कारखाना ग्राइंडवेलवाल्यांनी 1941 मध्ये उरणजवळ मोऱ्याला काढला. मोरा म्हटलं की मला फक्त भाऊच्या धक्क्यावरची लाँच आणि उलट्या आठवायच्या. आता दगड आठवतो.

राहिलं चामड्याचं चाक. त्याचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं. या चाकाला क्रोमनं कमावलेलं मऊ चामडं चालत नाही, झाडाच्या सालीनं कमावलेलं घट्ट चामडं लागतं, असं मी वाचलं आणि हसलो. कारण असलं चामडं शोधायला बाकी जगाला चार ठिकाणी पत्रं टाकावी लागत असतील, मला घरातून चपला घालून बाहेर पडायचं होतं आणि चपलेकडे बघायचं होतं. कोल्हापुरी चप्पल बाभळीच्या सालीनं आणि हिरड्यानं कमावलेल्या चामड्याची असते. 2019 मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. सीमाप्रश्नात दोन्ही राज्यांचं जेवढं एकमत झालं ते चपलेवर.

चप्पल कारागिरानं चाक उलटसुलट बघितलं. "ह्येला पट्टा, का तळ?"

"तळच. पण वर."

त्यानं तळाचं चामडं सोलून पातळ केलं, चाकावर ताणून चिकटवलं, सांधा तिरका कापून असा जुळवला की बोटाला लागू नये, आणि सवयीनं करकर वाजतंय का ते बघितलं. मी विचारलं, कशाचं चामडं?

"म्हशीचं की."

हे मी आबाला सांगितलं नाही.

मशीन घरी आलं आणि गच्चीच्या जिन्याखाली बसलं. आता धार कशी लागते ते सांगतो. वाचकाला कंटाळा आला तरी सांगणार आहे, कारण घरात कुणी ऐकत नाही. पटाशीची धार म्हणजे दोन सपाट बाजू एकमेकींना भेटतात ती रेघ. एक बाजू उतरती, ती दगडावर 25 अंशांत घासायची. दुसरी पाठीची, ती आरशासारखी सपाट पाहिजे, नाहीतर उतरत्या बाजूवर केलेली सगळी मेहनत पाण्यात. लोक उतरत्या बाजूचं कौतुक करतात आणि पाठीकडे ढुंकून बघत नाहीत. मी तीन संध्याकाळी काचेवर पॉलिश पेपर चिकटवून पाठ घासली. मग दगडावर उतरती बाजू. दगड घासता घासता धारेच्या पलीकडे लोखंडाची एक बारीक खरखरीत कड उभी राहते, दिसत नाही, पण बोट आडवं फिरवलं की कळते. ती आली म्हणजे दगडाचं काम झालं. मग चामड्याच्या चाकाला हिरवा मसाला चोळायचा, कोन किंचित वाढवायचा, आणि एकदा या अंगानं, एकदा त्या अंगानं टेकवत ती कड गळून पडेपर्यंत पुसायचं.

एक गोष्ट मात्र कुठं वाचायची राहिली होती. दगडावर पटाशी येणाऱ्या चाकाच्या तोंडाला लावतात. चामड्यावर मात्र चाक जिकडं पळतं तिकडं धार करून धरतात, पाठमोरी. दोन्ही चाकं एकाच आसावर, एकाच दिशेनं फिरतात, म्हणून माणसानं जागा बदलायची असते. मी दगडावरून उठून तशीच पटाशी चामड्यासमोर धरली. पटाशी धारदार झाली होती याबद्दल आता कुणालाच शंका उरली नाही. चामड्याचा अर्धा तळ सालपटासारखा निघून माझ्या छातीवर आला.

कारागिरानं तो तुकडा हातात घेऊन निरखला. "मालक, चालून चालून तळ झिजलेला बघितलाय. न चालता कापलेला पयलाच."

दुसऱ्या वेळेला जमलं. आणि इथून पुढं जे झालं त्याला व्यसन हाच शब्द आहे.

पटाशीला धार आली का हे बघायच्या रीती दोन. एक, वर्तमानपत्राचा कागद धरून कापायचा. दुसरी, हातावरचे केस भादरायचे. पहिल्या रीतीनं समाधान होत नाही, कारण आमच्या वर्तमानपत्राचा कागद दोरीनंसुद्धा कापला जातो. म्हणून दुसरी. अकरा पटाश्या, तीन रंध्यांची पाती, सकाळ-संध्याकाळ. पंधरा दिवसांत माझा डावा हात कोपरापासून मनगटापर्यंत तुकतुकीत झाला. एका लग्नात शेजारी बसलेल्या बाईंनी हळूच विचारलं, भाजलं का हो? त्यांच्या यजमानांनी त्वचेच्या डॉक्टरांचं नाव सुचवलं. उजव्या हातावर केस शिल्लक होते, पण तो भादरायला डाव्या हातात पटाशी धरावी लागते आणि एवढं धाडस माझ्यात नव्हतं. मी पोटरीकडे वळलो. तेव्हा ही म्हणाली, "अहो, एक लाकूड कापून बघा ना. हत्यार लाकडाचं आहे."

सूचना विचार करण्यासारखी होती. मी विचार केला. पण लाकूड कापलं तर धार जाणार.

इतक्यात समोरच्या घरात काम निघालं आणि तिथले सुतारमामा पाणी प्यायला आमच्याकडे आले. जुने कारागीर, सनमायका लावायच्या जमान्यातही कानामागं पेन्सिल आणि पेटीत पटाशी बाळगणारे. मी त्यांना मशीन दाखवलं. त्यांनी कुंड बघितलं, चाक बघितलं, माझी पटाशी अंगठ्याच्या नखावर टेकवून बघितली. घसरली नाही.

"चांगली लागलीया. किती येळ लागला?"

"तसा फार नाही. एकीला दीडेक तास."

मामांनी स्वतःची पटाशी काढली, आमच्या पायरीच्या कडाप्प्यावर पेल्यातलं थोडं पाणी सांडलं, खिशातला पॉलिश पेपरचा तुकडा त्यावर पसरला, बारा-पंधरा हात मारले, पलटून दोन हात मारले, तळहातावर चपराक दिल्यासारखी पुसली आणि माझ्या उघड्या हातावर केस शोधायला लागले. सापडले नाहीत. मग त्यांनी स्वतःच्या हातावरचे काढून दाखवले. पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन झालं तेव्हा सगळं मिळून तीन मिनिटं झाली होती.

"धार लावायची मजुरी कोन देत न्हाई," ते म्हणाले. "लाकूड कापायची देत्यात." आणि गेले.

त्यानंतर आठवडाभर मी मशीनला हात लावला नाही. फक्त रोज संध्याकाळी कुंडातलं पाणी काढून ठेवायचो, कोरडं असलं तरी.

दरम्यान बातमी गल्लीत फुटली होती. विळ्या आल्या, शिंप्याच्या कात्र्या आल्या, मिक्सरची पाती आली, एक नेलकटर आलं. खवणीसुद्धा आली, तिचा एकेक दात मी धरून बसलो. उत्पन्न शून्य, पण आलेल्या माणसाबरोबर चहा व्हायचा, म्हणजे खर्च. दोन घरांतल्या विळ्यांनी बोटं कापली आणि ती घरं माझ्याशी बोलेनाशी झाली. शास्त्र असं सांगतं की बोथट हत्यार जास्त धोक्याचं, कारण माणूस जोर लावतो आणि ते घसरतं. हे मी हिला समजावून सांगितलं आणि घरच्या विळीकडे हात नेला. तिनं विळी पाठीमागं घेतली. "माझी विळी मला ओळखते. तुमच्या हातची अनोळखी होऊन येईल." त्या विळीवर अजून टोमॅटो कापत नाही, दबतो. पण विषय संपला.

गल्लीतून सायकलवर धार लावणारा जातो, स्टँड लावून उलटा पेडल मारत बसतो, त्याची मला काळजी वाटायला लागली की मी त्याच्या पोटावर पाय आणला. त्याला एकदा थांबवून मशीन दाखवलं. त्यानं माझ्या हातची कात्री उघडझाप करून बघितली आणि मान हलवली.

"येवढी नका लावू साहेब. वर्षभर टिकंल."

मी म्हटलं, मग चांगलंच की.

"कुनाला?" त्यानं विचारलं.

आणि मग एका रविवारी आबा आला. बरोबर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड. उघडलं तर कडबाकुट्टीची दोन पाती, हातभर लांब, तलवारीसारखी वाकडी.

"बोथाटल्यात. कडबा कापत न्हाई, चावतंय. म्हशी बुडखं तशीच टाकाल्यात," आबा म्हणाला. "गावात एकजन हाय ग्राइंडरवाला. पर त्यो निळी करतोय."

निळी! मी आबाकडे अशा नजरेनं बघितलं की तो जरा मागं सरकला. त्या गावातही कुणीतरी रोज पोलादाचं पाणी उतरवत होता आणि बहुधा बायकोला दाखवत होता.

पण पातं वाकडं. मशीनचा टेकू सरळ, पटाशीसाठी केलेला. पातं त्यावर ठरेना, धरलं तर कोन बदले. त्याला एक लाकडी साचा हवा होता, पात्याच्या बाकाला बाक देणारा, खाली टेकूवर घसरणारा. मी दोन तास कागदावर आकृत्या काढल्या. आबा दोन तास पायरीवर बसून माझ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "लाकडाचाच करायचाय न्हवं? मग हत्यारं तर म्होरंच पडल्यात."

जुन्या खिडकीच्या चौकटीचा सागवानी तुकडा माळ्यावर होता. आजोबांचा रंधा घेतला. पहिला हात मारला आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखा, पलीकडचं दिसेल असा पातळ कांडोळा वळत वर आला. सागाचा वास जिन्याखाली भरला. मी तो कांडोळा उजेडाला धरून बघत बसलो, तेव्हा आबानं घसा खाकरला. मग पटाशी घेऊन खाचा पाडल्या. ठोकणी फारशी लागलीच नाही, तळहाताच्या दाबानं लाकूड सुटत होतं. साचा वेडावाकडा झाला, एका बाजूला पाचर मारावी लागली, पण पातं त्यात बसलं. दीड तासात दोन्ही पाती झाली. एकही ठिपका निळा नाही. आबानं एक पातं उचलून सवयीनं माझ्या हाताकडे नेलं, केस नाहीत बघून स्वतःच्या मिशीपर्यंत आणलं आणि विचार बदलला.

पुढच्या रविवारी तो आला तो स्टीलची किटली घेऊन. "मजुरी," म्हणाला. वर आणखी दोन घरांची पाती. आता दर रविवारी येतात. गावात बोली ठरली आहे, पात्यांच्या जोडीला एक लिटर, आणि रविवारी दोन जोड्यांच्या वर मी घेत नाही, कारण ही म्हणते की दोन लिटरच्या वर साय ठेवायला भांडं नाही.

परवा सकाळी अशीच पाती लावली होती, कुंडात पाणी घातलेलं, चाक फिरत होतं, आणि फोन वाजला. एका दूध संस्थेचे जुने चेअरमन. त्यांच्या संस्थेचं दप्तर मी सलग नऊ वर्षं तपासलं होतं आणि नऊ वर्षं तेच वाक्य त्यांना ऐकवलं होतं.

"काय सायेब, काय चाललंय?"

"धारेला बसलोय."

"आँ? कधी घेतली?"

"झालं आता वर्ष."

"किती देती?"

या वेळी माझ्याकडे आकडा होता. "दोन लिटर."

"येका येळंला?"

"नाही. आठवड्याला."

पलीकडे हिशेब चाललेला ऐकू येत होता. मग चेअरमन फार मायेनं म्हणाले, "सायेब, खर्च दिसतोय, उत्पन्न कुठाय? भाकड हाय ती. इकून टाका."